संशोधनाचा डेटा आणि कोड खुला करताना

सार्वजनिक कर्ज देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांपुढे गेलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे ०.१ टक्का असते, असे राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडले होते. परंतु त्यांची एक्सेल फाइल हाती आल्यावर थॉमस हर्नडन हा विद्यार्थी आणि त्याचे दोन प्राध्यापक यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की सूत्रातून पाच देश सुटले होते आणि, विश्लेषणातील इतर निवडीही (कोणता डेटा घ्यायचा, सरासरी कशी काढायची) बदलल्यास, हा आकडा २.२ टक्के येतो. मधल्या काळात मूळ आकडा धोरणचर्चेत सर्वत्र पोहोचला होता.

त्यामुळे फाइल मागितल्यावर देण्यापेक्षा ती शोधनिबंधासोबतच झेनोडोसारख्या ऑनलाइन डेटा-भांडारात ठेवावी, म्हणजे तिला डीओआय हा कायमस्वरूपी ओळख क्रमांक मिळतो. मूळ डेटा न बदलता वेगळा ठेवावा आणि त्यावरील प्रत्येक प्रक्रिया, नोंदी वगळण्यासह, कोडमधूनच करावी. रीडमी म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकके आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या लिहाव्यात. हे काम कंटाळवाणे असले तरी पुनर्वापर बहुधा इथेच अडतो. डेटा आणि कोड इतरांनी कसा वापरावा याचा परवाना स्पष्ट नमूद करावा. व्यक्तींची माहिती असल्यास केवळ नावे काढणे पुरेसे नसते, कारण गाव, वय आणि व्यवसाय यांवरूनही माणूस ओळखता येतो.