दोन टॅब्लेटची वेबगती कोकणातल्या रेंजवर कशी तपासावी

टॅब्लेटच्या खोक्यावर रॅम, प्रोसेसरच्या कोअरची संख्या आणि पडद्याचा आकार छापलेला असतो. राजापूरच्या किंवा देवगडच्या एखाद्या वाडीत सातबाऱ्याचे पान त्यावर किती वेळात उघडेल, हे मात्र खोक्यावर नसते. दुकानातही ते कळत नाही, कारण दुकान भर बाजारपेठेत असते आणि तिथला टॅब्लेट दुकानाच्याच वायफायला जोडलेला असतो. किमतीने जवळपास असलेल्या दोन टॅब्लेटपैकी एक निवडायचा असेल, तर तुलना आपल्याच घरी केलेली बरी. त्यासाठी एखाद्या नातेवाइकाचा टॅब्लेट दोन दिवस उसना मागता येतो, किंवा ऑनलाइन मागवलेला टॅब्लेट परत करण्याच्या मुदतीत पारखून घेता येतो. मात्र ती मुदत कोणत्या अटींवर मिळते, हे मागवण्यापूर्वीच वाचून ठेवावे. या सगळ्या तपासणीचा गाभा एकच आहे: नेटचा संथपणा आणि यंत्राचा संथपणा वेगवेगळा मोजायचा. ही गल्लत झाली, की खोरीतल्या घरात रेंज नसल्याचा दोष बिचाऱ्या टॅब्लेटवर येतो आणि माणूस विनाकारण महागडे यंत्र घेऊन बसतो.

सुरुवात संकेतस्थळांच्या यादीने करावी. गुहागर किंवा तारकर्लीला घरगुती निवास चालवणाऱ्यांना आरक्षणाची पाने, नकाशा आणि बँकेचे संकेतस्थळ लागते. आंबा बागायतदाराला महाभूलेख, महाडीबीटी आणि हवामान विभागाची रडारचित्रे लागतात. मच्छीमार सोसायटीत हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्राचे समुद्रस्थितीचे अंदाज आणि मासळी मिळण्याच्या संभाव्य क्षेत्रांचे नकाशे पाहिले जातात. मुंबईच्या चाकरमान्यांसाठी गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण करणाऱ्याला रेल्वेचे तिकीट-संकेतस्थळ ६० दिवस आधी, सकाळी ८ च्या ठोक्याला उघडावे लागते. ही पाने एका जातीची नाहीत. नकाशाचे पान ग्राफिक्सवर भार टाकते, तिकिटाचे पान जावास्क्रिप्टवर (पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमवर) आणि रॅमवर टाकते, तर साधा मजकूर आणि चार छायाचित्रे असलेले पान मुख्यतः नेटवर अवलंबून असते. म्हणून यादीत प्रत्येक जातीचे निदान एक तरी पान असावे, आणि ते आपण खरोखर वापरतो ते असावे.

पान उघडताना काय घडते, हे थोडक्यात समजून घेतले म्हणजे पुढच्या चाचण्यांचा अर्थ लागतो. ब्राउझर प्रथम संकेतस्थळाच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधतो, मग सुरक्षित जोडणी करतो आणि पानाचा सांगाडा, मांडणीच्या फाइली, चित्रे व जावास्क्रिप्ट मागवतो. इथवरचा वेळ बहुतांशी नेटचा असतो. त्यानंतर ते सारे वाचणे, जावास्क्रिप्ट चालवणे, कुठला मजकूर कुठे बसवायचा हे ठरवणे आणि शेवटी पडद्यावर चितारणे ही कामे यंत्राची असतात. पहिल्या टप्प्यात नुसता डाउनलोडचा वेग पुरत नाही. निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात, यावरही बरेच ठरते, कारण एका पानासाठी अशा अनेक फेऱ्या होतात. स्पीड-टेस्टमध्ये मोठा आकडा दिसूनही पाने अडखळत उघडतात, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असते.

आता दोन्ही टॅब्लेट एका पातळीवर आणावेत. प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) आणि ब्राउझर अद्ययावत करावे, बॅटरी-बचत बंद करावी, मागे चालणारी अ‍ॅप बंद करावीत आणि जाहिराती अडवणारे साधन एकावर असेल तर तेही काढावे. नवीन टॅब्लेट पहिल्या दिवशी मागच्या मागे अ‍ॅप, छायाचित्रे आणि अद्यतने उतरवत असतो, त्यामुळे त्या दिवशीच्या चाचणीला काडीचाही अर्थ नसतो.

आयपॅड आणि अँड्रॉइड यांची तुलना करताना दोन गोष्टी हमखास फसवतात. पहिली म्हणजे, २०१९ मध्ये आलेल्या आयपॅडओएस १३ पासून सफारी ब्राउझर स्वतःला संगणक म्हणवून पानाची डेस्कटॉप आवृत्ती मागवतो, तर अनेक अँड्रॉइड टॅब्लेटवर क्रोम त्याच पानाची मोबाइल आवृत्ती आणतो. म्हणजे दोन यंत्रांची तुलना करतो आहोत असे समजून आपण प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या पानांची तुलना करत असतो. दोन्हीकडे सेटिंगमधून एकच आवृत्ती निवडली आहे ना, हे प्रत्येक संकेतस्थळासाठी पाहावे. दुसरी गोष्ट अशी, की भारतात विकल्या जाणाऱ्या आयपॅडवर क्रोम घ्या की फायरफॉक्स, आत इंजिन, म्हणजे पान वाचून चितारणारा गाभा, अ‍ॅपलचे वेबकिटच असते. त्यामुळे आयपॅडवर ब्राउझर बदलून पाने झपाट्याने उघडू लागतील, अशी आशा धरण्यात हशील नाही. अँड्रॉइडवर मात्र क्रोमचे ब्लिंक इंजिन आणि फायरफॉक्सचे गेको ही दोन्ही खरोखर वेगळी आहेत. तिथे ब्राउझर बदलून पाहावा.

नेटचा भाग

कोकणातली जुनी घरे चिऱ्याची. जांभ्याची जाड भिंत वायफायला मुळातच अडवते, आणि आषाढात तो सच्छिद्र चिरा ओलावला की आणखी अडवते. ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान असली तरी भिंत ओलांडताना लवकर क्षीण होते, २.४ गिगाहर्ट्‌झची लहर संथ, पण माजघर ओलांडून पडवीपर्यंत पोहोचते. एक टॅब्लेट ५ वर आणि दुसरा २.४ वर जोडला गेला असेल, तर तुलना तिथेच बिघडते. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत आणि चाचणी दोन वेळा करावी: एकदा राउटरच्या खोलीत ५ वर, आणि एकदा जिथे टॅब्लेट रोज वापरला जाणार आहे त्या जागी २.४ वर. दुसऱ्या जागी जो टॅब्लेट टिकतो, त्याचा अँटेना चांगला. हा गुण कोणत्याही जाहिरातीत सापडत नाही.

सिमकार्ड चालणारा टॅब्लेट घ्यायचा असेल, तर तो मोबाइल लहरींचे कोणते पट्टे (बँड) पकडतो, हे कंपनीच्या तपशीलपत्रात वाचावे. भारतात ५जी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा ३३०० मेगाहर्ट्‌झच्या वरचा पट्टा वेगाला चांगला असला तरी डोंगराआड फारसा पोहोचत नाही, तर ७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा दूरवर जातो. ४जीमध्येही ८५० आणि ९०० मेगाहर्ट्‌झचे पट्टे १८०० किंवा २३०० पेक्षा लांब पल्ल्याचे आहेत. सड्यावरच्या घरात काय मिळते आणि खाली खाडीकाठच्या वाडीत काय मिळते, यात जमीन-अस्मानाचे अंतर असते, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. परदेशातून कुणी आणलेला टॅब्लेट असेल तर पट्टे विशेष काळजीने पडताळावेत. नकाशाचे काम असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: फक्त वायफाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते, ते सिम चालणाऱ्या प्रकारातच असते. होडीवर किंवा बागेत नेऊन नकाशा पाहायचा असेल, तर हा फरक वेगाच्या फरकापेक्षा मोठा ठरतो.

चाचणी घेताना दोन्ही टॅब्लेटवर एकाच क्षणी पान उघडू नये, कारण मग ते एकमेकांचे नेट खातात. आधी पहिला, मग दुसरा, पुन्हा दुसरा आणि मग पहिला, असा क्रम ठेवला म्हणजे नेटमधले चढउतार दोघांच्या वाट्याला सारखे येतात. दर खेपेस कॅशे (ब्राउझरने आधीच्या भेटीत साठवून ठेवलेल्या फाइली) पुसून एकदा आणि न पुसता एकदा, असे दोन्ही वेळ मोजावेत. पहिला नवख्या भेटीचा, दुसरा रोजच्या वापराचा. सकाळी एकदा आणि रात्री आठनंतर, सगळे गाव नेटवर असताना, एकदा मोजणे उत्तम. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी गावात आले, की त्याच टॉवरवर कितीतरी अधिक फोन येतात. त्या दिवसांतली मोजणी टॅब्लेटच्या तुलनेसाठी वापरू नये. आपल्या गावचा टॉवर किती ताण सोसतो हे पाहायचे असेल, तर मात्र ती जरूर करावी.

यंत्राचा भाग

यंत्राची ताकद मोजायला ब्राउझरमध्येच चालणाऱ्या चाचण्या आहेत. त्यांत सध्या सर्वांत विश्वासार्ह म्हणजे स्पीडोमीटर. तिची तिसरी आवृत्ती मार्च २०२४ मध्ये अ‍ॅपल, गूगल, मोझिला आणि मायक्रोसॉफ्ट या एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी मिळून आणली, म्हणून ती एकाच्या बाजूने झुकलेली असण्याचा संभव कमी. यादी बनवणे, मजकूर संपादित करणे, आलेख काढणे अशा खऱ्या कामांची ती नक्कल करते. ग्राफिक्ससाठी मोशनमार्क वापरावी. जुनी ऑक्टेन ही चाचणी अजूनही काही ठिकाणी चालवली जाते, पण ती गूगलनेच २०१७ मध्ये निवृत्त केली, कारण ब्राउझर बनवणारे खऱ्या पानांऐवजी त्या चाचणीतले गुण वाढवण्यामागे लागले होते. म्हणून जुन्या परीक्षणांतले ऑक्टेनचे आकडे पाहून निर्णय घेऊ नये. प्रत्येक चाचणी पाच वेळा चालवावी, मध्ये थोडी विश्रांती द्यावी आणि चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला धरावा. दोन टॅब्लेटमधला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल, तर माझ्या मते दोन्ही बरोबरीचे समजावेत. बोटांना तो फरक जाणवत नाही.

उष्म्याची चाचणी मात्र आपल्याकडे टाळू नये. टॅब्लेटला पंखा नसतो. आतला प्रोसेसर तापला, की तो स्वतःहून वेग कमी करतो. अ‍ॅपलने आयपॅड वापरण्यासाठी सांगितलेली हवेच्या तापमानाची वरची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या खोलीत किंवा होडीवर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. दुपारी, नेहमीच्या जाड कव्हरसकट, अर्धा तास व्हिडिओ चालवावा आणि लगेच स्पीडोमीटर पुन्हा लावावी. सकाळच्या थंड आकड्याशी तुलना केली म्हणजे कोणता टॅब्लेट किती घसरतो, हे दिसते. थंड असताना पुढे असलेला टॅब्लेट तापल्यावर मागे पडला, तर आपल्या कामासाठी तापलेलाच आकडा धरावा.

त्याहूनही मी रॅमच्या चाचणीला अधिक वजन देतो, आणि ती सर्वांत सोपी आहे. यादीतली दहा पाने दहा टॅबमध्ये उघडावीत, एका अर्जात अर्धी माहिती भरून ठेवावी, मग व्हॉट्सअ‍ॅप आणि कॅमेरा उघडून परत पहिल्या टॅबवर यावे. पान जसेच्या तसे समोर आले तर उत्तम. ते पुन्हा पहिल्यापासून उघडू लागले आणि भरलेली माहिती उडाली, तर रॅम अपुरी आहे असे समजावे. महाडीबीटीचा अर्ज भरताना आधारवरचा ओटीपी पाहायला दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जावे आणि परत येईतो अर्ज कोरा व्हावा, हा मनस्ताप प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी चुकत नाही. केवळ आकडे पाहून ठरवता येत नाही, कारण आयपॅड आणि अँड्रॉइड रॅम वेगवेगळ्या रीतीने वापरतात; चार जीबीचा एक दुसऱ्या सहा जीबीच्या तोडीस तोड निघू शकतो. खोक्यावर ‘आभासी रॅम’ म्हणून जो जादा आकडा लिहिलेला असतो, तो साठवणीतला भाग असतो आणि खऱ्या रॅमहून पुष्कळ संथ असतो. तो हिशेबात धरूच नये.

डोळ्यांनी मोजणे

घड्याळ लावून सेकंद मोजणे भरवशाचे नसते. त्याऐवजी फोनवर प्रत्येक प्रयत्नाचे स्थिर चित्रीकरण करावे, बोट आणि पडदा दोन्ही दिसतील असे. फोन स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवावा. सेकंदाला ६० चौकटी (फ्रेम) या वेगाने चित्रीकरण केले असेल, तर एक चौकट सुमारे १६.७ मिलिसेकंदांची होते. नंतर चित्रफीत एकेक चौकट पुढे सरकवत, बोट टेकल्यापासून पानाचा मुख्य भाग दिसेपर्यंतच्या चौकटी मोजाव्यात. १५० चौकटी म्हणजे अडीच सेकंद. हाच गूगलने ठरवलेला निकष आहे: पानातला सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला तर चांगले. स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे या हिशेबाने १२ चौकटींत मिळायला हवा. चारपैकी तीन भेटींत हे साधले पाहिजे, असा तो नियम असल्याने एखादा संथ प्रयत्न आला म्हणून घाबरू नये. मजकूर वाचत असताना पान अचानक खाली सरकते का, हेही त्याच चित्रफितीत दिसते. तो दोष बहुधा संकेतस्थळाचा असतो, टॅब्लेटचा नव्हे. दोन्हींवर दिसला तर तो खात्रीने टॅब्लेटचा नाही.

१२० हर्ट्‌झचा पडदा असलेला टॅब्लेट सरकवताना मऊसूत वाटतो, पण त्यामुळे पान लवकर उघडत नाही. दुकानात नेमका याच मऊपणाचा मोह पडतो.

शेवटी आयुष्याचा प्रश्न. अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरवरून वेगळा अद्ययावत होतो, त्यामुळे प्रणालीची अद्यतने थांबली तरी ब्राउझर आणखी काही वर्षे नवा राहतो. सुरक्षेची अद्यतने मात्र थांबलेली असल्याने तशा टॅब्लेटवर बँकेचे काम करू नये. आयपॅडवर सफारीचे इंजिन प्रणालीबरोबरच येते. प्रणाली थांबली, की ब्राउझरही थांबला. पण तिथे प्रणाली दीर्घकाळ मिळते: २०१९ चा सातव्या पिढीचा आयपॅड आयपॅडओएस १३ वर निघाला आणि १८ पर्यंत पोहोचला. वापरलेला टॅब्लेट घेणार असाल, तर पैसे देण्यापूर्वी सेटिंगमध्ये जाऊन नवीनतम अद्यतन त्याला मिळते का हे पाहावे, आणि तिथेच, विकणाऱ्याच्या ओट्यावर बसून, दहा टॅबची चाचणी करून घ्यावी. तेवढ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.