नवीन झाडं थेट टँकमध्ये नको, आधी बादलीत

पहिल्यांदा कबोंबाच्या (पाण्यात वाढणारं झाड) दोन जुड्या आणल्या तेव्हा मी त्या नळाखाली धुतल्या आणि लगेच माशांच्या टँकमध्ये खोचल्या, आठवड्याभरात निऑन टेट्रा माशांच्या अंगावर मीठ भुरभुरवल्यासारखे पांढरे ठिपके. व्हाइट स्पॉट, म्हणजे इक, माशांना एका जंतूमुळे होणारा रोग. दुकानात झाडं माशांच्याच टाकीत ठेवलेली होती हे तेव्हा कुठे डोक्यात आलं.

होतं असं की हा जंतू माशाच्या अंगावर पोसला की सुटून पाण्यात येतो, पानावर किंवा खड्यांवर चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करून आत शेकड्यांनी पिल्लं काढतो. त्या कवचात औषध धड शिरत नाही. पण बाहेर पडलेल्या पिल्लांना दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही की ती मरतात, म्हणून माझ्या मते खरं औषध म्हणजे मासे नसलेली बादली आणि थोडा धीर, बाकी सगळं जोडीला.

आधी जुडीची शिशाची पट्टी, रबरबँड, कुंडीतलं रॉकवूल (मुळांभोवतीचा लोकरीसारखा बोळा) काढून टाका, सडकी पानं तोडा. पानामागे जेलीसारखे ठिपके दिसले तर ती गोगलगाईची अंडी, नखाने खरवडा. काही कृमींची पिल्लं आधी गोगलगाईत वाढतात आणि मग माशात जातात, त्यामुळे हा कंटाळा करू नका.

मग पोटॅशियम परमँगनेट, गावाकडे विहिरीत टाकतात तेच. 1 ग्रॅम पावडर 1 लिटर पाण्यात विरघळवायची, त्यातलं 100 मिली घेऊन बाकी साधं पाणी मिळून 10 लिटर करायचं, म्हणजे लिटरला 10 मिलिग्रॅम पडतं. झाडं 10 मिनिटं बुडवायची, मॉससारखी नाजूक असतील तर पाचातच काढा. ग्लोव्हज घाला नाहीतर बोटं चार दिवस तपकिरी (घरचे विचारतात काय केलंस म्हणून). पावडर ग्लिसरीनजवळ ठेवू नका, आग लागते. नंतर दोन-तीन पाण्यांत खळबळून घ्या. ब्लीच मी वापरत नाही, व्हॅलिस्नेरियासारख्या पाण्यातल्या झाडांची पानं वितळतात त्याने.

आता बादली. क्लोरीन काढलेलं पाणी, खिडकीजवळ उजेडात, दोन आठवडे. मध्ये एकदा झाडं दुसऱ्या स्वच्छ बादलीत हलवायची. पुण्या-नाशिकची थंडी असेल तर आणखी आठवडाभर ठेवा कारण गार पाण्यात त्या जंतूचं चक्र हळू चालतं. वर मच्छरदाणीचा तुकडा बांधा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात आणि सोसायटीतले ओरडतात.

या बादलीत वापरलेली हातजाळी टँकमध्ये घालायची नाही. तोडलेली पानं, फांद्या वाळवून कचऱ्यात टाका, ओढ्यात किंवा तळ्यात नको, कबोंबाचा छोटा तुकडाही तिथे फोफावतो.