गर्भ सोडल्यानंतरचे पंधरा दिवस: काय उचलायचं, काय नाही

आयव्हीएफमध्ये शरीराबाहेर तयार केलेला गर्भ गर्भपिशवीत सोडून झाला की टेबलावरून उठायच्या आधीच पहिला प्रश्न येतो, "सिस्टर, आता उठले तर पडणार नाही ना?" आणि बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंचा दुसरा, "हिला किती दिवस आडवी ठेवायची?" कोल्हापुरातल्या एका आयव्हीएफ सेंटरमध्ये मी नर्स आहे. हे दोन प्रश्न ज्या दिवशी कानावर पडत नाहीत तो दिवस रविवार असतो. उत्तरं सोपी आहेत. पडत नाही, आणि आडवी ठेवायची नाही. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

गर्भपिशवी म्हणजे आतून रिकामा डबा, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिची पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेल्या असतात, मधे नुसता ओलावा. पाचव्या दिवसाचा गर्भ साधारण मिलीमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा. दोन ओले पापड एकमेकांना चिकटले आणि मधे खसखशीचा दाणा अडकला, तर पापड उभे धरले म्हणून तो दाणा खाली पडत नाही; गर्भ तर खसखशीहूनही बारीक. शिंक आली, खोकला आला, जिना चढलात, तरी तो जागचा हलत नाही. लघवीचा मार्गच वेगळा आहे, त्यामुळे सोनोग्राफीसाठी तुंबवून ठेवलेली लघवी लगेच करून आलात तरी चालतं. उगाच तासभर दात-ओठ खात पडून राहू नका.

पडून राहण्याचा उपयोग होतो का, हे अनेक देशांत तपासून झालंय. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत सरळ म्हटलंय, की गर्भ सोडल्यावर वीस मिनिटांपेक्षा जास्त पडून राहिल्याने निकाल सुधारत नाही. अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१७ साली तेच सांगितलं. तरी आपल्याकडे पलंग काही सुटत नाही. एकीच्या घरी तर पायथ्याकडच्या दोन्ही खुरांखाली विटा लावलेल्या, म्हणजे डोकं खाली आणि पाय वर! तिचा फोन आला तो कंबर धरल्याचा, पोट साफ होत नसल्याचा आणि डोकं गरगरत असल्याचा. विटा काढायला लावल्या, अंगणात फेऱ्या मारायला सांगितल्या. सतत पडून राहण्यात आणखी एक धोका आहे. या काळातल्या हार्मोनच्या औषधांनी रक्ताची गुठळी व्हायची शक्यता थोडी वाढते, आणि पाय हललेच नाहीत तर ती आणखी वाढते.

मग जपायचं कशाला? ओव्हरीला, म्हणजे अंडाशयाला. सगळं घर गर्भाला जपत असतं आणि खरी काळजी घ्यायची असते ती ओव्हरीची. म्हणून उचलाउचलीचं विचारायच्या आधी आपली फाईल उघडून बघा, ट्रान्सफर (म्हणजे गर्भ सोडणं) फ्रेश आहे की फ्रोझन.

फ्रेश म्हणजे याच महिन्यात इंजेक्शनं घेऊन अंडी काढली आणि तीन किंवा पाच दिवसांनी गर्भ सोडला. एरवी तीन सेंटिमीटरच्या आसपास असणाऱ्या ओव्हरीत इंजेक्शनांमुळे अठरा-वीस मिलीमीटरच्या अंड्यांच्या अनेक पिशव्या तयार झालेल्या असतात. अंडी काढली तरी ती सूज लगेच उतरत नाही. अशी फुगलेली, जड ओव्हरी आपल्या देठावर लटकत असते, आणि जोराचा झटका बसला, उडी मारली, कंबरेतून गर्रकन वळलं, तर तिला पीळ बसू शकतो. क्वचितच होतं, पण झालं तर रक्तपुरवठा तुटतो आणि तातडीने ऑपरेशन करावं लागतं. म्हणून फ्रेशवालीने अंडी काढल्यापासून निदान दोन आठवडे जपायचं. बीटा (गर्भ राहिला का ते बघायची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली तर सूज आणखी काही दिवस रेंगाळते, तेव्हा डॉक्टर सांगतील तोवर.

फ्रोझनमध्ये आधी गोठवून ठेवलेला गर्भ सोडतात. मधे पाळी येऊन गेलेली असते, ओव्हरी मूळ मापाला आलेली असते. या बाईला रोजचं बहुतेक सगळं करता येतं. फार जड तेवढं टाळायला आम्ही तिलाही सांगतो. त्याचा गर्भाशी संबंध नाही. कंबरेत चमक भरली किंवा पोटात ओढ बसली, की बाई निकालापर्यंत स्वतःवरच संशय घेत बसते, तेवढा ताप वाचावा म्हणून.

आमच्याकडे फ्रेशसाठी पाच किलोची मर्यादा सांगतात. पाच किलो म्हणजे किती, हे मात्र कुणाला कळत नाही. पाण्याचं सोपं आहे, लिटरला किलो. भरलेली मोठी बादली पंधरा-वीस किलोची, म्हणजे नाही. पितळी घागर तर रिकामीच जड, कंबरेवर घ्यायचा विचारही नको. पाच लिटरचा कुकर निम्मा भरून ओट्यावरून शेगडीवर ठेवायला हरकत नाही. दळणाचा डबा पाच किलोच्या आतला असेल तर चालेल, पण गिरणी दूर असेल तर दुसऱ्या कुणालातरी पाठवा. गॅसच्या भरलेल्या टाकीत १४.२ किलो गॅस आणि टाकीचं लोखंड वेगळं, मिळून तीस किलोच्या आसपास. ती उचलायची नाही, तिरकी करून गोल फिरवत न्यायची नाही, फ्रोझनवालीनेही नाही. रिकामी टाकीसुद्धा पंधरा-सोळा किलोची भरते. भिजलेली चादर, गोधडी, जीनची पँट यांचं वजन कुणी धरत नाही. ती पिळताना कंबरेतून जो पीळ बसतो तोच नको असतो. न पिळता निथळत टाका, वाळतात.

पाणी भरायचंच असेल, घरात दुसरं कुणीच नसेल, तर अर्धी कळशी घ्या आणि खेपा वाढवा. गुडघ्यात वाकून, वस्तू पोटाजवळ धरून, श्वास सोडत उठा. श्वास कोंडून, दात आवळून उचलावं लागतंय असं वाटलं तर ते तुमच्यासाठी जड आहे, वजन कितीही असो.

शिरोळ, कागल, राधानगरीकडून येणाऱ्या बायकांना मी वेगळं विचारते, जनावरं किती? कारण 'घरकाम करू नको' म्हटलं की त्या मान डोलावतात आणि गोठ्यात जातात. गोठा त्यांच्या लेखी घरकामात मोडतच नाही. शेणाची पाटी आणि डोक्यावरचा वैरणीचा भारा, दोन्ही बंद. धार काढायला बसण्यात काही बिघडत नाही, पण म्हैस लाथाडी असेल तर तुम्ही ती जागा दुसऱ्याला द्या. भांगलण फ्रेशवालीने टाळावी. फ्रोझनवालीने उन्हाच्या आधी, मधेमधे उठून पाय मोकळे करत केली तर चालते, मात्र नुकतंच औषध फवारलेल्या रानात कुणीच जायचं नाही.

पहिलं मूल असेल तर ते तुमचं ऐकणार नाही. तीन वर्षांचं पोर बारा-चौदा किलोचं असतं. त्याला खालून वर उचलू नका. तुम्ही पलंगावर बसा आणि त्याला मांडीवर चढू द्या. त्याला कडेवरच हवं असतं, चार दिवस रडेल, मग सवय होते.

चालणं मात्र चुकवू नका. सकाळ-संध्याकाळ वीस-तीस मिनिटं, बरोबरच्या माणसाशी बोलता येईल एवढ्या वेगाने. रंकाळ्यावर जा, नाहीतर गच्चीवर. पळणं, दोरीच्या उड्या, झुंबा, जिममधली वजनं बंद. सूर्यनमस्कार, कपालभाती, वक्रासन, धनुरासन, सर्वांगासन हेही पुढच्या महिन्यावर. अनुलोम-विलोम, शवासन, मान-खांद्याचे व्यायाम करा. जिना चढा, कठडा धरून. अंडी काढल्यावर पोहायचं काही दिवस नको, आणि शरीरसंबंधांचं डॉक्टरांना न लाजता विचारा. ज्या दिवशी भूल दिली त्या दिवशी, चोवीस तास, गाडी स्वतः चालवायची नाही. एरवी एसटीने, कारने घरी जायला काही अडचण नाही. खड्ड्यांनी गर्भ हलत नाही, हाडं तेवढी खिळखिळी होतात. फ्रेशवालीने दुचाकी आठवडाभर टाळावी.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते. गर्भ टिकावा म्हणून दिलेल्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे आतडी सुस्त होतात, पोट फुगतं, शौचाला कडक होते. कुंथण्याने गर्भ पडत नाही, पण हाल होतात. पाणी, पालेभाजी, पपई सोडून इतर फळं (पपईचं नाव काढलं की घरात भांडण होतं, म्हणून मी ती यादीतच घेत नाही) आणि चालणं. त्याने भागलं नाही तर फोन करून विचारा, आजीने दिलेलं एरंडेल घेऊ नका. प्रोजेस्टेरॉनची तेलातली इंजेक्शनं असतील तर पार्श्वभागावर गाठी येतात. बसून राहिलात तर त्या जास्त ठणकतात.

घरात सांगितलेलं नसेल तर? निम्म्या जणींनी तरी सांगितलेलं नसतं. मग बादली का उचलत नाही, याचं कारण लागतं. मी सांगते, 'कंबरेत उसण भरलीय' म्हणा. उसणीला महाराष्ट्रात कुणी पुरावा मागत नाही; फार तर कुणीतरी पायाळू माणूस शोधून आणेल, त्याला लाथ मारू देऊ नका म्हणजे झालं. नवऱ्याला मात्र कामं नावानिशी वाटून द्या. 'मदत कर' म्हटलं की तो 'हो' म्हणतो आणि मोबाइल बघतो. 'पाणी तू भरायचं, टाकी तू लावायची' म्हटलं की करतो.

फ्रेशवालीने घरात वजनकाटा ठेवावा. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खायच्या आधी वजन बघा आणि लिहून ठेवा. एका दिवसात किलोभर वाढलं, पोट ताणल्यासारखं झालं, लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात किंवा दम लागायला लागला, तर सकाळची वाट न बघता फोन करा. पोटात एका बाजूला अचानक जोराची कळ आणि बरोबर मळमळ, हे पीळ बसल्याचं लक्षण असू शकतं, तेव्हा थेट दवाखाना गाठा. ताप आला, रक्तस्राव जास्त झाला किंवा एकाच पायाला सूज येऊन दुखायला लागलं, तरीही तसंच. आणि तुमच्या डॉक्टरांनी माझ्यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, तुमची फाईल त्यांच्यासमोर आहे.

निकाल निगेटिव्ह आल्यावर बऱ्याचजणी येऊन खालच्या आवाजात सांगतात, "त्या दिवशी मी बादली उचलली होती." गर्भ रुजत नाही त्यामागे बऱ्याचदा त्याच्या गुणसूत्रांतला दोष असतो, आणि तो गर्भ पिशवीत सोडायच्या आधीच ठरलेला असतो. हे मी सासूबाईंना आत बोलावून त्यांच्यासमोर सांगते. बाईला एकटीला सांगून उपयोग नाही, घरी गेल्यावर तिचं कोण ऐकणार?

घरच्या घरी पट्टीवर लवकर तपासू नका. फ्रेशमध्ये अंडी काढण्याआधी एचसीजीचं (पट्टी जे हार्मोन शोधते त्याचंच) इंजेक्शन दिलेलं असेल तर ते अंगात काही दिवस राहतं आणि पट्टी खोटं 'हो' म्हणते. डाग दिसला तरी गोळ्या किंवा इंजेक्शनं आपल्या मनाने बंद करू नका; डाग दिसूनही बीटा पॉझिटिव्ह आलेल्या बायका आमच्याकडे आहेत. दिलेल्या तारखेला रक्त द्यायला या. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. चहा-पोहे करून, खाऊन निघा, पोह्यांची कढई तेवढी नवऱ्याला उतरवू द्या.