जांभ्याच्या भिंतीला खालून ओल, रंगाचे पापुद्रे : माझा अनुभव

रत्नागिरीजवळ आमचं जुनं कौलारू घर, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती. आतून जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत रंग सुटायचा, पांढरा लोणा (भिंतीतून बाहेर येणारं मीठ) यायचा, तोही अगदी मे महिन्यात. वॉटरप्रूफ रंग, पुट्टी, आतून सिमेंटचा गिलावा सगळं झालं, दरवेळी ओल वीतभर वरच चढली. वैताग नुसता.

शेवटी भिंतीवर अ‍ॅल्युमिनियम फॉईल चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवली. पाणी फॉईलच्या मागे धरलं, म्हणजे ओल भिंतीतूनच येतेय (पुढे धरलं असतं तर खोलीतला दमटपणा). मग बाहेर बघितलं तर रस्ता दरवर्षी उंच होत गेलेला, अंगणात भर पडलेली आणि माती पार जोत्याच्या वर.

क्रम असा ठेवा. दिवाळीनंतर माती जोत्याखाली सहा इंच उतरवा, उतार भिंतीपासून बाहेर. पागोळ्यांना पन्हळ लावून पाणी पाईपने लांब सोडा, इथे 3000 मिमीच्या वर पाऊस पडतो त्यामुळे हे टाळून चालत नाही. मग ओल आत कोंडून ठेवणारा सिमेंटचा गिलावा दोन्हीकडून ओलीच्या फूटभर वरपर्यंत काढा आणि भिंत उघडी सुकू द्या, महिने लागतात. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडा, धुतला तर परत आत जिरतो. एप्रिलात चुना एक, वाळू तीन असा गिलावा पातळ थरांत, वाळू खाडीची नको, तिच्यातच मीठ असतं. वर फक्त चुन्याची सफेदी, ऑईलपेंट अजिबात नाही.