उजनी कालव्याचे नूतनीकरण : पर्यावरणीय बाजू कशी तपासावी आणि म्हणणे कसे मांडावे

कालव्याच्या अस्तरीकरणाने, म्हणजे तळ आणि बाजूंना काँक्रीटसारखा पक्का थर दिल्याने, गळती थांबते आणि शेपटाच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी मिळण्याची शक्यता वाढते; परंतु त्याच पाझरावर तगणाऱ्या काठच्या विहिरींचे काय होईल, हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातील प्रत्येक लाभधारकाने काम सुरू होण्यापूर्वीच विचारला पाहिजे.

सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे, की २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेने सिंचन प्रकल्पांच्या आधुनिकीकरणाला जनसुनावणीतून वगळले आहे. त्यामुळे सुनावणीच्या नोटिशीची वाट पाहण्यात अर्थ नाही. ही सूट मला योग्य वाटत नाही, पण मार्ग इतरही आहेत.

माहिती अधिकाराखाली कामाचा प्रकल्प अहवाल आणि अंदाजपत्रक मागावे. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. दरम्यान आवर्तन (कालव्यात पाळीने सोडले जाणारे पाणी) सुटण्यापूर्वी आणि बंद झाल्यावर आपल्या विहिरीची पातळी मोजून तारखेसह नोंदवावी, कारण ‘पाणी कमी होईल’ या विधानापेक्षा अशी नोंदवही अधिकाऱ्याला विचार करायला लावते. आपले म्हणणे मांडणाऱ्या अर्जात गट क्रमांक, चारी (शेतापर्यंत पाणी नेणारा छोटा पाट) आणि विहिरीची खोली लिहावी, तोडल्या जाणाऱ्या झाडांची यादी जोडावी आणि पोच घ्यावी. काम नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत येत असल्यास वन विभागालाही प्रत द्यावी.

शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्यानुसार स्थापन झालेली पाणी वापर संस्था असल्यास तिचा ठराव घेऊन तो कालवा सल्लागार समितीच्या बैठकीपूर्वी कार्यकारी अभियंत्यांकडे द्यावा.