पेरणीआधी मोरीत वाकून बघा

दरवर्षी जुलैत फोन येतो, ‘कपाशीनं एका रात्रीत मान टाकली, काय मारू?’ मी उलट विचारतो, पांदणीखालची मोरी, म्हणजे शेतरस्त्याखालून पाणी पलीकडे नेणारा नळा, कधी साफ केला होता? पलीकडे गप्प. मोरी तुंबली की पाणी शेतात साचतं आणि झाडं सुकतात.

मे संपायच्या आत बॅटरी घेऊन नळ्यात वाका. पलीकडचा उजेड पूर्ण गोल दिसला पाहिजे. नळा निम्मा गाळानं भरला तर पाणी निम्मं नाही, जेमतेम तिसरा हिस्सा जातं. तोंडाशी पऱ्हाट्या, कुटार आणि खताची रिकामी पोती असतातच.

आता हिशेब. एकरावर १ मिमी पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. तासाला ६० मिमीच्या वेगानं कोसळला आणि त्यातलं निम्मं वाहून आलं, तरी एकरी सेकंदाला ३४ लिटर. वरच्या शेजाऱ्यांचं धरून १० एकरांचं पाणी तुमच्या मोरीवर येत असेल तर ३४० लिटर. काळी जमीन एकदा भिजून फुगली की याहून जास्तच धरा.

सिमेंटचा साफ नळा, १०० फुटांना अर्धा फूट उतार, तर एक फुटी नळ्यातून सेकंदाला ६८ लिटर जातात, दीड फुटीतून २००, दोन फुटीतून ४३०. ‘एक फुटी दोन टाकू, स्वस्तात होईल’ म्हणणाऱ्याला हे दाखवा. दोन फुटीची बरोबरी करायला एक फुटी सहाहून जास्त लागतात! उतार पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीनं मोजा, डोळ्यानं नको.

माझा अंदाज बहुधा चुकत नाही: पावसात वरच्या बाजूला पाणी तुंबतं पण उघडीप मिळताच उतरतं, तर नळा लहान. उघडिपीतही हलत नसेल, तर पुढचा नाला बुजलाय. नळा बदलून पैसे घालवू नका.

बाकी नेहमीचंच:
- घरच्या सोयाबीनची उगवण ७० टक्के हवी
- बीजप्रक्रिया (पेरणीआधी बियाण्याला औषध चोळणं)
- ७५ ते १०० मिमी पावसाआधी पेरणी नको
- तूर वरंब्यावर

तरी पाणी साचून झाडं सुकलीच, तर आधी चर काढा. मग १० लिटर पाण्यात युरिया २०० ग्रॅम, पांढरा पोटॅश १०० ग्रॅम आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड (बुरशीनाशक) २५ ग्रॅम, झाडाला पाव लिटर, बुडाशी, दोन दिवसांच्या आत. दुकानदार सोबत टॉनिकची बाटली पुढे करेल. तेवढ्या पैशात दोन माणसं लावून मोरी साफ होते.