ओल भिंतीवर दिसण्याआधी कशी पकडावी

आमच्या ओट्याखाली किती महिने थेंब पडत होता, देव जाणे. कांद्याची टोपली उचलली तेव्हा खालचं प्लायवूड फुगून त्याचे पापुद्रे सुटलेले दिसले. सिंकच्या पाइपाची प्लॅस्टिकची चकती हाताने अर्धा आटा पिळली आणि गळती थांबली. कपाट मात्र बदलावं लागलं.

तेव्हापासून वर्षातून तीन फेऱ्या ठरलेल्या आहेत. एक मे महिन्यात, एक जूनच्या पहिल्या दोन-तीन दणदणीत सरींनंतर आणि एक दिवाळीच्या साफसफाईत. सामान म्हणाल तर बॅटरी, टिश्यू पेपर, पेन्सिल. आणि नाक.

१. सिंकखालचं सगळं सामान बाहेर काढा. नुसता नळ सोडून बघू नका, त्यात काही कळत नाही. सिंकला बूच लावून ते काठोकाठ भरा आणि बूच एकदम काढा. पाण्याचा लोंढा गेला की कच्चा सांधा गळतो. आता प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू फिरवा. हातावर भरवसा ठेवू नका, गार पाइप हाताला ओलाच लागतो. कागद मात्र फसत नाही. अँगल कॉक (सिंकखाली भिंतीतून निघणारा, पाणी बंद करायचा छोटा नळ) आणि वॉटर प्युरिफायरची बारीक नळी याच वेळी बघून घ्या.

२. फ्लशच्या टाकीत चमचाभर खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास कोणालाही संडासात जाऊ देऊ नका (घरात पाहुणे नसताना करा). भांड्यात रंग उतरला तर आतलं वॉशर गेलेलं आहे.

३. न्हाणीघराच्या जाळीत फडक्याचा बोळा घट्ट बसवून इंचभर पाणी साठवा. 24 तास तसंच ठेवा. पाणी थोडं आटणारच, त्यावरून निष्कर्ष काढू नका. खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत बघा. गळतीची बातमी आपल्या आधी त्यांनाच कळते, तेव्हा संबंध बरे ठेवलेले चांगले. न्हाणीघराच्या भिंतीची पलीकडची बाजूही तपासा. तिथे बहुधा बेडरूममधलं कपाट असतं आणि ते वर्षानुवर्षं कोणी हलवलेलं नसतं.

४. सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीत, बाहेरच्या अंगाला, बारीक भोकं असतात. खिडकीत आलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर जातं. पण उन्हाळाभर साचलेली धूळ आणि कबुतरांची पिसं त्यात अडकतात, पट्टी भरते आणि पाणी घरात उतरतं. लोक मग बाहेरच्या भिंतीच्या वॉटरप्रूफिंगवर हजारो रुपये घालतात. आधी जुन्या टूथब्रशने पट्टी घासा, भोकांत काडी फिरवा आणि तांब्याभर पाणी ओता. ते बाहेर पडलं तर भोकं मोकळी आहेत.

५. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतींना पावसाचा मारा जास्त, म्हणून त्यांना लागून असलेली कपाटं दोन-तीन इंच पुढे ओढा. मागे कुबट वास, पांढरा लोणा (ओलीमुळे भिंतीवर फुटणारी क्षाराची पूड) किंवा रंगाचे फुगे आहेत का बघा. शंका असेल तर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतूनच येते आहे. बाहेरच्या बाजूला दिसले तर ती खोलीतल्या हवेची.

स्विचबोर्डजवळची भिंत ओली दिसली तर तपासत बसू नका. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

६. गच्चीवर पाणी जायच्या तोंडातला पाला काढा. पाइपाच्या सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं तर नुसतं छाटू नका, ते पुन्हा फुटतं. बोटभर आहे तोवरच मुळासकट काढून फट बुजवा.

जिथे जिथे डाग सापडेल तिथे त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून तारीख लिहा. पुढच्या फेरीत डाग रेघेबाहेर गेलेला दिसला तर रंगाऱ्याच्या आधी प्लंबरला फोन करा.